ताईबाईनं पारखलेलं मशीन

"धुण्याची बाई नको म्हनते ना मी! तिले सगळं कळते. कोन कोनत्या खोलीत झोपलं ते चादर सांगते, कोन कुठं जाऊन आलं ते खिसा सांगते."

"मग चौदा मानसांचं धुनं तू धुशील?"

"मुंबईले कपडे धुवायचं मशीन निघालं म्हने. ते आना."

"मशीन? आपल्या केळीच्या चिकाचे सदरे दाखव त्याले. दुसऱ्या दिवशी माहेरी निघून जाईल ते!"

यावलला केळीवाल्या अभिमनच्या घरी, मागच्या दाराशी, भर सकाळी हे भांडण चाललं होतं. अभिमन दातावर मिश्री फिरवत बोलत होता आणि त्याची बायको रत्ना हातात उंबऱ्यावर आपटायची चप्पल घेऊन. दोघांना वाटत होतं, ऐकणारं कुणी नाही. पण दाराबाहेर ताईबाई उभी होती. काम मागायला आली होती. मशीन माहेरी निघून जाईल म्हटल्यावर तिला हसू आवरलं नाही. फिस्सकन हसली.

"कोन वं ते?" रत्ना ओरडली.

"मी शे. धुनं इचाराले उनू." आणि मग चेहरा एकदम देवळातल्या बाईसारखा करून ताईबाई म्हणाली, "मन्हा कानमा काही गयं नही, माय."

अभिमन ठसका लागेस्तोवर हसला. रत्ना नाही हसली. पण जिनं आधीच सगळं ऐकलं तिच्यापासून आता लपवायचं काय राहिलं, असा विचार करून तिनं धुणं काढून दिलं. ताईबाईनं त्या पहिल्याच दिवशी एक केलं. दगडावर बसण्याआधी एकेक सदरा, एकेक लेंगा घेऊन त्याचे खिसे रत्नादेखत उलटे केले. निघालं ते उंबऱ्यावर मांडलं. सुतळीचा तुकडा, तंबाखूची पुडी, चुन्याची डबी, एसटीचं तिकीट. "ल्या, पाही ल्या," म्हणाली. खिसा काय सांगतो ते मी ऐकत नाही, तूच ऐक, असा त्याचा अर्थ. तिकीट भुसावळचं निघालं. अभिमन त्या दिवशी शेतात होता म्हणून सांगत होता. त्याचं पुढं काय झालं ते त्या दोघांना माहीत.

या गोष्टीला अडतीस वर्षं झाली. अडतीस वर्षं ताईबाई त्या घराचं धुणं धूत होती.

ती साक्रीकडची. धुळे जिल्ह्यातलं तिचं गाव, बोली तिकडची, आणि यावलला येऊन सगळी हाडं झिजली तरी तिचं 'आहे'ला 'शे' म्हणणं काही सुटलं नाही. यावलची माणसं तिची नक्कल करायची. ती म्हणायची, तुम्ही करा नक्कल, मी अस्सल शे. नवरा झुलाल केळीच्या कापणीवर जायचा. केळीचे घड खांद्यावर वाहून वाहून त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली गेला होता. तो वारला तेव्हा तिरडीवरसुद्धा तिरपाच दिसत होता, असं ताईबाई सांगायची, आणि ऐकणाऱ्याला कळायचं नाही की हसावं की डोळे पुसावेत. ती स्वतः दोन्ही करायची.

केळीच्या मुलखात एक गोष्ट शेंबड्या पोरालाही कळते. घरचे कपडे वेगळे, केळीचे कपडे वेगळे. केळीचा चीक अंगावर पडतो तेव्हा पाण्यासारखा असतो. वाळला की काळा. मग तो डाग कापड फाटेपर्यंत सोबत करतो. म्हणून कापणीला जायचे सदरे घरच्या धुण्यात टाकत नाहीत, त्यांचा दगड वेगळा, त्यांची दोरीही वेगळी. ताईबाई म्हणायची, "चीक निंघत नही रे भो. चीकले गप बसाडनं पडस." ते गप्प बसवणं तिलाच जमायचं. गार पाणी, आधी गोडेतेलाचं बोट, मग साबण, आणि वाळवायचं सावलीत. डाग राहायचा, पण पसरायचा नाही, आणि शेजारच्या कपड्याच्या वाटेलाही जायचा नाही.

तिचा मुलगा नवल वरणगावला फॅक्टरीत लागला. दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं. तेव्हापासून तो दर दिवाळीला एकच रेकॉर्ड लावायचा. "माय, आता पुरे. लोकांचं धुणं धुतेस, मला लाज वाटते. चल वरणगावला." ताईबाईला वरणगावचं नाव काढलं की घाम फुटायचा. तिथं सून चांगली होती, नातू चांगला होता, पंखा तर फारच चांगला होता. पण सकाळी उठून करायचं काय? खुर्चीत बसायचं आणि टीव्हीवर सासू-सुनांची रडारड पाहायची. यावलला अडतीस वर्षांत इतक्या सासू-सुना प्रत्यक्ष पाहिल्या होत्या की टीव्हीवरच्या तिला पाणचट वाटायच्या. शेवटी मायलेकांचं ठरलं. रत्नाच्या घरचं धुणं आहे तोवर यावल. ते सुटलं की वरणगाव. एकेक करून बाकीची घरं सुटली होती, कुठं तिचे गुडघे आडवे आले, कुठं मशीन आलं. राहिलं होतं एक रत्नाचं घर. त्या घरावर ताईबाईचं यावल टांगलेलं होतं.

आणि त्याच घरात दिपमाला आली.

दिपमाला म्हणजे रत्नाची सून, ललितची बायको. धुळे शहरातली, बीएस्सी झालेली, स्वभावानं गोड, पण मोबाईलवर बघून बघून तिच्या डोक्यात एक गोष्ट बसली होती, की समोरून दार असलेलं, वाफेचं मशीन घ्यायचं. वरून झाकण असलेलं नको. वाफ नसलेलं नको. जेवताना, भाजी निवडताना, पाळण्याला झोका देताना तिचं एकच. बाळाचे कपडे वाफेनं निर्जंतुक होतात. सुरकुत्या जातात. पाणी निम्मं लागतं.

ताईबाई दगडावर बसून ऐकत होती. शेवटी राहवलं नाही.

"वाफ?" ती म्हणाली. "वाफ फुनकासले देतस बाई, सदरासले नही!"

डाळीचे वाफवलेले फुनके आठवून दिपमाला हसली. पण हट्ट सोडला नाही. आखाजीला, म्हणजे आठ दिवसांवर आलेल्या अक्षय्य तृतीयेला, जळगावच्या दुकानात मशीनं चालवून दाखवणार होते. ललित हो म्हणाला, अभिमन हो म्हणाला. राहिली रत्ना. रत्ना बराच वेळ तोंडातल्या तोंडात काहीतरी चघळत बसली आणि मग म्हणाली, "घ्या. पन ताईबाई पारखील ते घ्यायचं. अडतीस वर्षं कपडे तिनं धुतले, तुमी न्हाई."

ताईबाईच्या हातातला सदरा तसाच राहिला. म्हणजे बघा, जे आलं की आपण गेलो, तेच आपण निवडून आणायचं! तिनं रत्नाकडे पाहिलं. रत्ना लसूण सोलत होती, वर बघायलाच तयार नव्हती.

पण आठ दिवस ताईबाई बसून राहिली नाही. शिकली ती दुसरी, तीही अर्धी, पण डोकं चालायचं. तिनं झुलालचं एक जुनं धोतर काढलं आणि त्याचे तीन सारखे तुकडे केले. प्रत्येक तुकड्यावर तेच ते डाग, त्याच जागी, तेवढेच. शेवभाजीची तर्री, हळद, अभिमनच्या डोक्याचं आवळ्याचं तेल, ट्रॅक्टरचं ग्रीस, आणि कोपऱ्यात केळीचा चीक. एका तुकड्याला लाल दोरा टाचला, एकाला हिरवा, एकाला पिवळा. म्हणजे कुणाच्या पोटातून काय निघालं ते चुकायला नको. मशीनबद्दल दुकानदार काय बोलतो याला तिच्या लेखी किंमत नव्हती. नवरदेवाचा बापही मुलाचं काय सांगतो ते सगळ्यांना माहीत आहे.

आखाजीच्या दिवशी गाडी निघाली. जळगावला ऊन असं होतं की डांबर चपलेला चिकटत होतं. दुकानात मात्र थंडगार. तिथं तीन मशीनं नळाला जोडून ओळीनं मांडलेली. दाखवणारा मुलगा शेहजाद, जळगावचाच, पंचविशीतला, बोलायला चुणचुणीत. तो दिपमालाकडे बघून बोलायला लागला तशी दिपमाला म्हणाली, "मला नाही, अक्कांना सांगा. त्याच निवडणार आहेत."

शेहजादनं खाली पाहिलं. नऊवारीचा ओचा, हातात गाठोडं. त्यानं एकदा गिळलं आणि सुरुवात केली.

पहिलं मशीन काळंभोर, दाराला आरशासारखी काच. नऊ किलोचं. ते मोबाईलशी बोलायचं, कपडे किती आहेत ते स्वतः ओळखायचं आणि मिनिटाला चौदाशे गिरक्या घ्यायचं. वाफेचे त्याचे चार प्रकार. एक बाळाच्या कपड्यांचा, एक ॲलर्जीचा, एक सुरकुत्यांचा, चौथा शेहजादलाच नीट सांगता येईना. ताईबाईनं त्याचं नाव ठेवलं नवरदेव.

दुसरं चंदेरी, आठ किलोचं. बाराशे गिरक्या. त्याची वाफ धुणं झाल्यावर शेवटी वीस मिनिटं. इस्त्रीची निम्मी कामं तेच करतं म्हणे. आणि धुणं संपलं की गाणं म्हणायचं. ही नवरी.

तिसरं पांढरं, आठच किलोचं, एक गोल खटका आणि सहा बटणं. ते मोबाईलशीही बोलत नव्हतं आणि गातही नव्हतं. वाफ होती, पण एकाच प्रकारात, आणि तीही कपडे आधी कढत पाण्यात चांगले भिजल्यावर. शेहजादनं हलवायला सांगितलं तर ललितला ते जागचं हललं नाही.

"हाई म्हैस शे," ताईबाई म्हणाली.

"अक्का, याचं सुती कपड्यांचं पूर्ण धुणं दोन तास पन्नास मिनिटं चालतं," शेहजाद म्हणाला.

"तीन तास? तीन तासमा मी बठ्ठी गल्ली धुई टाकसू!"

दुकानात उभी असलेली दोन-चार माणसं हसली. मग ताईबाईनं विचारलं, यावलला बोअरचं पाणी आहे, भांड्याला पांढरी खपली धरते, ती यांच्या आतल्या हीटरला धरणार का? वाफेची नळी बुजणार का? शेहजाद आता जरा नीट उभा राहिला. "धरणार, अक्का. तिघांनाही धरणार. महिन्याला एकदा पावडर टाकून रिकामं फिरवायचं. जितक्या बारीक नळ्या जास्त, तितकी कटकट जास्त." मग तिनं दाराचं रबर बोटानं उचकटून पाहिलं. नवरदेवाच्या घडीत पाणी साचलेलं, वर कुणाचा तरी केस. नवरीच्यातही थोडं. म्हशीचं रबर सरळसाधं, पुसलं की कोरडं. हे सगळं तिनं पाहून ठेवलं.

गाठोडं सोडलं. लाल दोऱ्याचा तुकडा नवरदेवाला, हिरवा नवरीला, पिवळा म्हशीला. साबण तेवढाच, सोबत कपडे तेवढेच. पूर्ण धुणं दुकानात कोण चालवणार? तिघांवरही अर्ध्या तासाचं झटपट धुणं लावलं. ताईबाई काचेसमोर मांडी घालून बसली. तुकडे गरगर फिरताना पाहून तिला झुलालची आठवण झाली. त्याचं धोतर जिवंतपणी कधी एवढं फिरलं नव्हतं.

नवरदेवातून निघालेला तुकडा चांगला. तर्री गेलेली, हळद फिकट. नवरीचा तुकडा इस्त्री केल्यासारखा सपाट, पण तर्रीची पिवळी कडा उठून दिसत होती. घाण होतीच, सुरकुती मात्र नव्हती. आणि म्हशीनं अर्ध्या तासात नुसते कपडे ओले केले होते. तर्री होती तशी, ग्रीस होतं तसं, आवळ्याचा वाससुद्धा येत होता. केळीचा चीक तिन्ही तुकड्यांवर जिथल्या तिथे, काळा कुळकुळीत.

"हा कसला?" दिपमालानं विचारलं.

"केळीचा," शेहजाद म्हणाला. "याची गॅरंटी कुठल्याच कंपनीच्या पुस्तकात नाही, ताई. याची गॅरंटी वरचाच देईल."

आता सगळे ताईबाईकडे बघायला लागले. ताईबाईच्या पोटात काय चाललं होतं ते तिला आणि पद्मालयच्या गणपतीलाच ठाऊक. गणपतीला तिनं मनातल्या मनात सांगून टाकलं होतं, बाबा, मी आता पाप करणार आहे, तू जरा तिकडं बघ. चांगलं मशीन घरी गेलं की नवल दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन हजर. वाईट गेलं तर? दिपमालाला तीन तास थांबायचा दम नाही, भाताची शिटीसुद्धा ती मोजत नाही. दोन महिन्यांत कंटाळेल. डाग तसेच निघतील. मशीन पडवीत जाईल, त्याच्यावर कांदे वाळतील आणि ताईबाई आपल्या दगडावर. झालं.

तिनं पिवळ्या दोऱ्याचा तुकडा उचलला. "हाई म्हैस ल्या. बाकीसना नुसता नखरा शे."

"पण अक्का, यावर तर डाग तसाच—"

"धीर धरी पाहा," ताईबाई म्हणाली, आणि इतक्या ठाम आवाजात म्हणाली की दिपमालानं ललितला बिलाकडे पाठवलं.

ललित बिलापाशी गेला तसा शेहजाद ताईबाईजवळ सरकला. आवाज खाली आणून म्हणाला, "अक्का, मानलं तुम्हाला. लोक अर्ध्या तासाचं बघून जातात. हे मशीन अर्ध्या तासात काहीच नाही, पण पूर्ण धुण्याला याच्यासारखं दुसरं नाही. तक्रार येत नाही, म्हणून दुकानवाले दाखवत पण नाहीत. माझ्या अम्मीला मी हेच दिलंय. तुम्हाला कसं कळलं?"

ताईबाईचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. ताकाला गेली आणि तिथं भांडंच फुटलं तसा. परतताना गाडीत ती काचेला कपाळ टेकून बसली. दिपमालाला वाटलं, एसीनं डोकं दुखलं असेल.

मशीन घरात आलं. पहिल्याच दिवशी पूर्ण धुणं लावलं. तीन तासांनी दार उघडलं तर अभिमनचे पांढरे लेंगे-सदरे असे निघाले की अभिमननं स्वतःचेच कपडे ओळखले नाहीत, हे कुणाचे म्हणून विचारलं. बाळाची दुपटी मऊ. चादरी टवटवीत. दिपमालाला थांबायचंही काही नव्हतं. बटण दाबायचं आणि बाळाला घेऊन झोपायचं. म्हैस कोपऱ्यात उभी राहून शांतपणे रवंथ करायची. गल्लीतल्या बायका बघायला आल्या. "ताईबाईनं पारखलं," असं दिपमाला ज्याला त्याला सांगायची. पलीकडच्या गल्लीतली मुमताज, जिचा नवरा गाद्या शिवतो, ती तर थेट ताईबाईच्या घरी आली. "अक्का, आमच्या बरोबर पण चला ना जळगावला. ते तुमचे दोऱ्याचे तुकडे घेऊन."

ताईबाई गेली. लोकांना मशीनं पारखून देता देता तिचा नावलौकिक वाढला आणि हात रिकामे झाले. सकाळी सवयीनं ती रत्नाच्या मागच्या दारी जायची. चहा मिळायचा. दगड कोरडा. मग ती मशीनच्या काचेसमोर बसून आतले कपडे फिरताना पाहायची. रत्ना शेजारी येऊन बसायची.  एकदा ताईबाई म्हणाली, "खिसा कोन पाहास?" रत्ना म्हणाली, "कोनी न्हाई." परवाच तंबाखूची आख्खी पुडी धुतली गेली होती आणि बाळाच्या टोपड्याला वास येत होता.

केळीचे सदरे? तेही दिपमालानं मशीनलाच लावले होते. वेगळे, आठवड्यातून एकदा, गार पाण्यात. तेवढं ताईबाईनं तिला बजावलं होतं.

पावसाळा तोंडावर आला तसा नवलचा फोन आला. रविवारी गाडी घेऊन येतो. आता कारण राहिलं नाही, माय. ताईबाईनं हो म्हटलं. म्हणणार काय? तिनं भांडी पोत्यात बांधली. झुलालच्या धोतराचे डाग पाडलेले तुकडेसुद्धा तिनं गुंडाळून घेतले. वरणगावलाही कुणी मशीन घेईलच की.

शनिवारी दिपमाला धुळ्याला माहेरी गेलेली. रविवारी अभिमनला एरंडोलला लग्नाला जायचं होतं, म्हणून घरातले सगळे पांढरे कपडे एकदम लावायचे होते. ललित कापणी आटोपून घरी आला. अंगातला सदरा ताज्या चिकानं ओला. त्यानं विचार केला, आणि हा विचार केळीवाल्याच्या पोरानं करावा हे आश्चर्यच. जळगावला दुकानात चीक हलला नव्हता ना? तिन्ही मशीनांत जिथल्या तिथं राहिला होता. मग पांढऱ्यांत टाकला तर काय बिघडतं? टाकला. कढत पाणी, वरून वाफ. तीन तास.

दुकानातला चीक आठ दिवस वाळलेला होता, हे त्याच्या लक्षात आलं नाही. म्हातारा चीक जागचा उठत नाही. ताजा चीक गावभर फिरतो.

रविवारी सकाळी नवल गाडीत पोतं ठेवत होता. तेवढ्यात ललित पळत आला, चेहरा धुतलेल्या फडक्यासारखा. "अक्का, चला. आबा ओरडताहेत."

ताईबाई गेली. अंगणात दोरीवर अकरा पांढरे कपडे. लेंगे, सदरे, टोपी, रत्नाचे दोन परकर, बाळाची दुपटी. सगळ्यांवर तपकिरी नकाशे. टोपीवर एक डाग असा, की गोठ्यातून चालत आली असावी. अभिमन बनियनवर उभा राहून ललितच्या तीन पिढ्या काढत होता, त्यातल्या दोन त्याच्या स्वतःच्याच होत्या.

"चाळीस वर्षं झाली," अभिमन म्हणाला, "मी सांगितलं होतं का न्हाई, मशीनले चीक दाखवू नका? माहेरी जाईल म्हनून?"

"ते नही गयं," ताईबाई म्हणाली. "सूनच गयी." आणि तिनं दिपमालाच्या रिकाम्या खोलीकडे बोट दाखवलं. बनियनवरचा अभिमन हसला. मग सगळेच हसले.

तिनं टोपी हातात घेतली, नखानं खरवडून पाहिली. एकेक कपडा चाचपला. मग ओचा खोचून दगडावर बसली. गोडेतेल मागितलं. नवल दारात उभा होता, हातात गाडीची किल्ली.

"माय, उशीर होतोय."

"व्हवू दे."

दुपारपर्यंत सात कपडे गप्प झाले. चार कामातून गेले ते गेले. अभिमन लग्नाला ललितच्या निळ्या शर्टात गेला आणि एरंडोलला सगळ्यांनी विचारलं, आबा, दुसरं लग्न करताय का?

सगळे पांगल्यावर रत्ना दगडाशेजारी येऊन बसली. दोघींच्या बोटांना तेल.

"तू सगळ्यात वाईट मशीन उचललं होतं ना?" रत्ना म्हणाली.

ताईबाईनं तेलाची वाटी जवळ ओढली.

"मले माहीत होतं तू वाईटच उचलशील. म्हनून त म्हनलं होतं का ताईबाईच पारखील." रत्नानं पदरानं नाक पुसलं. "तुले एक काम सांगितलं, तेबी धड जमलं न्हाई."

 ताईबाईला अडतीस वर्षांपूर्वीसारखं फिस्सकन हसू आलं. या वेळी रत्नाही हसली. इतकी की तिला ठसका लागला आणि नवलला वाटलं, म्हातारीला काही झालं की काय.

ठरलं तिथंच. ताईबाईनं सांगितलं आणि कुणी मोडलं नाही. "घरना कपडा मशीनले, केयीना कपडा माले." गल्लीतल्या ज्या ज्या घरात तिनं पारखलेलं मशीन होतं, तिथं तिथं हेच चालू झालं. ललितची गोष्ट दुपारपर्यंत सगळीकडे पोचली होती. नवलनं पोतं गाडीतून परत काढलं. जाताना म्हणाला, "माय, तू हे मुद्दाम केलंस."

"मी नही, म्हैसनी करं," ताईबाई म्हणाली.

पुढं दोन वर्षं आणि काही महिने तिनं गल्लीचे केळीचे सदरे धुतले. कोणाचा सदरा कोणाचा, ते ती खांद्यावरच्या डागावरून ओळखायची. गेल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ती झोपेतच गेली. नवल आला तेव्हा मोरीत गोडेतेलाची वाटी झाकून ठेवलेली होती.

पोळ्याच्या दिवशी संध्याकाळी ती रत्नाच्या मागच्या दारी आली होती. डोक्यावर गठ्ठा. घरात पुरणाचा वास, आत मशीन चालू. ललितचे पाच सदरे, घडी घातलेले, तिनं पायरीवर ठेवले. मग कमरेची पिशवी सोडली आणि धुण्याआधी खिशांतून निघालेलं एकेक करून उंबऱ्यावर मांडलं. सुतळीचा तुकडा. पेनचं टोपण. तंबाखूची पुडी. एसटीचं तिकीट.

"खिसामा व्हतं ते ल्या वं माय," तिनं हाक मारली.

रत्ना पुरणाच्या हातानं बाहेर आली. तिकीट उचलून डोळ्यांजवळ नेलं.

"कुठलं वं हे?"

"माले काय माहीत?" ताईबाई म्हणाली. "मी वाचत नही." रिकामी पिशवी कमरेला खोचली, दारातून आत वाकून मशीनच्या काचेवर एक टिचकी मारली, आणि गेली.